वॉर्ड नंबर तीन आणि सगळ्यांचा एक टॉवेल

पार्श्वभूमी

सोलापूरच्या पूर्व भागातलं एका ट्रस्टचं हॉस्पिटल. खाटा शंभरच्या आतबाहेर. आजूबाजूला यंत्रमागांची खडखड, घराघरांत विड्या वळणाऱ्या बायका. ओपीडीच्या रांगेत मराठीच्या बरोबरीने तेलुगू ऐकू येते, आणि अक्कलकोट, इंडीकडची माणसं कन्नड बोलतात. मी इथली इन्फेक्शन कंट्रोल सिस्टर. बारा वर्षं वॉर्डात ड्युटी केल्यावर एक दिवस 'आता तुम्ही फक्त इन्फेक्शन बघा' असं सांगून माझ्या हातात एक रजिस्टर आणि एका कपाटाची किल्ली दिली गेली. ओळख पटू नये म्हणून इथे खाटांचे नंबर आणि काही तपशील बदलले आहेत.

वॉर्ड नंबर तीन म्हणजे पुरुषांचा सर्जिकल वॉर्ड. लांबलचक हॉल, १८ खाटा. दारातून आत आलं की डाव्या भिंतीला १ ते ९ आणि परत फिरून उजव्या भिंतीला १० ते १८. त्यामुळे ९ आणि १० समोरासमोर येतात, अगदी टोकाला. हात धुवायचं बेसिन एकच, दाराशी, सिस्टरांच्या टेबलामागे. संडास-बाथरूम दुसऱ्या टोकाला, त्याच्या बाहेर एक नळ. सकाळी दोन सिस्टर, एक मावशी, एक मामा. रात्री एक सिस्टर, आणि दोन वॉर्डांत मिळून एकच मामा.

पाण्याचं सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. उजनीचं पाणी शहराला तेव्हा चार-पाच दिवसांआड यायचं. मधल्या दिवसांत हॉस्पिटल बोअरवर आणि टँकरवर चालायचं. बोअरचं पाणी इतकं जड की साबणाला फेस येत नाही. हातावर पांढरट चिकटा राहतो आणि आठवडाभरात बोटांच्या पेरांना चिरा पडतात. चिरा पडलेल्या हाताला साबण झोंबतो, मग हात धुणं आपोआप कमी होतं. हे मी स्वतःच्या हातांवरून सांगते आहे.

बेसिनशेजारी एक टॉवेल लटकलेला असायचा. जाड, टर्किश, सोलापुरी. लिनन स्टोअरचा नियम, वॉर्डाला आठवड्याला एक.

प्रश्न कुठे दिसला

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापासून एप्रिलअखेरपर्यंत या वॉर्डात पाच जणांच्या टाक्यांत पू झाला. एरवी महिन्याला एखादा होतो, तोही बहुतेक फुटलेल्या अपेंडिक्सचा, म्हणजे पोटात आधीच पू असलेला. या वेळी पाचांतले दोघे हर्नियाचे होते. हर्नियाचं ऑपरेशन स्वच्छ गणलं जातं, तिथे पू होणं म्हणजे कुठेतरी आपलं चुकलं.

पाचांपैकी तिघांच्या पसच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीत, क्लेब्सिएला नावाचा जंतू निघाला आणि तिन्ही रिपोर्टांत कोणती औषधं चालतात, कोणती नाहीत, याची यादी जवळजवळ सारखी. यादी सारखी म्हणून जंतू एकाच ठिकाणचा, असं ठामपणे म्हणता येत नाही. त्याला जनुकीय तपासणी लागते आणि ती आमच्या आवाक्यातली नव्हती. पण संशयाला एवढं पुरेसं होतं.

पहिला संशय अर्थातच ओटीवर, म्हणजे ऑपरेशन थिएटरवर. ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे वाफेने हत्यारं निर्जंतुक करायच्या यंत्राच्या, पट्ट्या, इंडिकेटर, नोंदवही सगळं तपासलं. ठीक होतं. शिवाय त्याच ओटीतून बायकांच्या वॉर्डात गेलेल्या रुग्णांना काहीच झालं नव्हतं.

मग मी वॉर्डाचा नकाशा कागदावर काढला आणि पाच खाटांवर लाल पेनाने फुल्या मारल्या. ७, ८, ९, ११, १२. सगळ्या टोकाच्या, आणि त्यांच्या मधोमध, फुली नसलेली १० नंबरची खाट.

दहा नंबरवर मधुमेहाने पाय सडलेले एक काका होते. दोन बोटं काढलेली, जखम वाहती, मुक्काम तोवर दीड महिन्याच्या वर. त्यांच्या जखमेतला जंतू मार्चच्या सुरुवातीलाच कळलेला होता. क्लेब्सिएला.

हातांच्या स्वच्छतेचं रजिस्टर उघडलं तर तिथे सगळं छान. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात हात स्वच्छ करायच्या पाच वेळा सांगितल्या आहेत: रुग्णाला हात लावण्याआधी, कोणतंही निर्जंतुक काम करण्याआधी, रक्त-लघवी-पू यांच्याशी संबंध आल्यावर, रुग्णाला हात लावून झाल्यावर, आणि रुग्णाच्या आजूबाजूच्या वस्तूंना हात लागल्यावर. आमच्या रजिस्टरात पाचही रकान्यांत बरोबरच्या खुणा, आणि महिन्याची बेरीज नव्वद टक्क्यांच्या पुढे. हे आकडे मीच भरले होते. हातात पॅड घेऊन वॉर्डात उभी राहिले की सगळे हँडरब (पाण्याविना हातावर चोळायचं अल्कोहोलचं द्रावण) चोळायला लागतात आणि मी दारातून बाहेर पडले की थांबतात, हे मला माहीत नव्हतं अशातला भाग नाही.

म्हणून स्टोअरची वही मागवली. वॉर्ड तीनने मार्चमध्ये हँडरबच्या अर्ध्या लिटरच्या तीन बाटल्या उचलल्या होत्या, म्हणजे दीड लिटर. त्या महिन्यात सरासरी १६ खाटा भरलेल्या, ३१ दिवसांचे साधारण ५०० रुग्ण-दिवस. एका वेळी नीट हात चोळायला ३ मिलिलिटरच्या आसपास लागतं. दीड लिटरमध्ये ५०० वेळा. म्हणजे एका रुग्णामागे चोवीस तासांत एकदा, आणि त्यात डॉक्टर, सिस्टर, मावशी, मामा, फिजिओ, ईसीजी काढणारा, सगळे आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या स्वमूल्यांकनात हजार रुग्ण-दिवसांना किमान २० लिटर असा मापदंड आहे. त्या हिशेबाने आम्हाला महिन्याला १० लिटर लागायला हवं होतं. रजिस्टर नव्वद टक्के म्हणत होतं, बाटल्या पंधराच टक्के.

समोर असलेले पर्याय

इन्फेक्शन कंट्रोल कमिटीची तातडीची बैठक झाली. एक सर्जन, मेट्रन, स्टोअरचे साहेब, मायक्रोबायोलॉजीच्या मॅडम, आणि मी.

पहिली सूचना अपेक्षित तीच, वॉर्ड दोन दिवस बंद करून फ्युमिगेशन. आपल्याकडे इन्फेक्शन म्हटलं की धूर. धूर निघाला की काहीतरी केल्यासारखं वाटतं आणि नातेवाइकांनाही दिसतं. मॅडमनी शांतपणे विचारलं, "धुराने भिंती स्वच्छ होतील. ट्रॉलीवरचे हात?" विषय तिथे संपला. मी एकटीने हाच मुद्दा मांडला असता तर संपला नसता.

दुसरी सूचना परिपत्रक आणि दंडाची. मेट्रन मॅडम म्हणाल्या, सकाळी दोन सिस्टर १८ खाटा सांभाळतात, त्यांना दंड लावायचा तर आधी मला लावा.

तिसरी, नवीन बेसिनं. टोकाला एक बेसिन हवंच होतं, पण पाइपलाइन, फरशी फोडणं, आणि मुळात नळाला पाणी कुठलं? एप्रिलमध्ये दुपारी दोन ते पाच बेसिनचा नळ नुसती हवा सोडायचा.

चौथी, हँडरब खाटांपाशी नेणं. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयांनी १९९४ ते १९९७ या काळात हेच केलं होतं. खाटेशी हँडरब, भिंतींवर चित्रं, वरिष्ठांचा पाठिंबा. हात स्वच्छ करण्याचं प्रमाण ४८ वरून ६६ टक्क्यांवर गेलं, मात्र ती वाढ परिचारिकांमधली होती, डॉक्टर जिथल्या तिथे राहिले. हे मी बैठकीत मुद्दाम सांगितलं. सर्जन हसले आणि खिशातून हात बाहेर काढले.

हँडरब इथेच बनवायचा का, हाही प्रश्न निघाला. संघटनेचं सूत्र सोपं आहे: १० लिटरसाठी ९९.८ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल ७५१५ मिलिलिटर, ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड ४१७, ग्लिसरॉल १४५, बाकी उकळून थंड केलेलं पाणी, आणि वापरण्याआधी ७२ तास ठेवायचं. फार्मासिस्ट तयार होते. पण हे मिश्रण १९ अंशांच्या वर पेट घेऊ शकतं आणि आमच्या स्टोअरचा पत्रा मे महिन्यात हात लावू देत नाही. बाहेर ४३-४४ अंश. आम्ही पाच लिटरचे तयार कॅन घ्यायचं ठरवलं आणि तेही स्टोअरमध्ये नाही, तळमजल्यावर विजेच्या पॅनेलपासून लांब. हा निर्णय आजही मला बरोबर वाटतो.

पाचवी सूचना सर्वांच्या हाताचे नमुने घेण्याची. ही माझ्या मनाला पटली नव्हती. पण बैठक लांबली होती, स्टोअरच्या साहेबांना निघायचं होतं, आणि मी 'ठीक आहे' म्हणाले.

जिथे आम्ही चुकलो

सकाळच्या पाळीत सहा जणांची बोटं जंतू वाढवायच्या प्लेटवर टेकवून घेतली. सहाही प्लेटींवर जंतू उगवले, ते उगवणारच होते. कुणाच्याही हातावर ते असतात, आणि कामाच्या मध्यावर घेतलेल्या नमुन्यातून 'हात कामाला लागलेला आहे' यापलीकडे फारसं कळत नाही. त्यात क्लेब्सिएला आहे की साधे त्वचेवरचे जंतू, हे आम्ही ओळखून घेतलंच नव्हतं. सर्वांत दाट प्लेट निघाली वॉर्डातल्या मावशींची. कुणीतरी 'जनजागृती'साठी त्या प्लेटचा फोटो नोटीस बोर्डावर लावला. नाव नव्हतं. खाली 'वॉर्ड ३, मावशी' एवढंच. वॉर्ड तीनला मावशी एकच.

त्या चार दिवस कामावर आल्या नाहीत.

दर ५ मेला, हात स्वच्छतेच्या दिवशी, आम्ही सेमेलवाइस या डॉक्टरची गोष्ट सांगतो. व्हिएन्ना, १८४७, शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणी तपासायला जाणारे डॉक्टर, क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायची सक्ती, आणि काही आठवड्यांत खाली आलेले मृत्यू. गोष्टीचा पुढचा भाग आम्ही सांगत नाही. न ऐकणाऱ्या डॉक्टरांना त्याने पुढे पत्रांमधून सरळ खुनी म्हटलं, आणि त्यामुळे त्याचं म्हणणं मान्य होण्याऐवजी माणसं आणखी लांब गेली. मावशींच्या प्लेटचा फोटो मी स्वतः बोर्डावरून काढला तेव्हा पिना गंजून कागदाला चिकटल्या होत्या. इतके दिवस तो तिथे होता आणि मी रोज त्याच्यासमोरून जात होते.

पाचव्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. घर जवळच, दारात सूप आणि त्यात तेंदूची पानं. सून विड्या वळत होती. मावशी बोलायलाच तयार नव्हत्या. चहा झाला, तेव्हा म्हणाल्या, "सिस्टर, मला सगळे बोल लावायलेत. त्या टॉवेलाकडं बघा की जरा. सकाळी डॉक्टर पुसणार, तुम्ही पुसणार, पेशंटचा पोरगा तोंड पुसणार. मी दुसरा मागितला तर स्टोअरवाले म्हणतेत आठवड्याला एकच. सोमवारचा टॉवेल शनिवारी वास मारतोय, तरी हात त्यालाच."

ओल्या हातांवरून जंतू सुक्या हातांपेक्षा कितीतरी सहज पसरतात आणि सगळ्यांनी पुसलेला दमट टॉवेल धुतलेल्या हातावर ते परत आणून ठेवतो. हे मी नर्सिंग कॉलेजच्या मुलींना शिकवते. टॉवेल मात्र रोज बघून मला दिसला नव्हता. टॉवेलच्या गावात वॉर्डाला एक टॉवेल! मी धावत परत आले, त्याचा नमुना घ्यायला. मामांनी तो सकाळीच धुवायला टाकला होता. त्यामुळे त्या टॉवेलवर काय होतं, ते कधीच कळलं नाही.

काय केलं

टॉवेल सर्वांत आधी. जवळच्या एका कारखानदारांकडून काठ वाकडे गेलेला, विक्रीला न चालणारा माल घेतला आणि शिंप्याकडून वीतभर रुंदीचे तुकडे शिवून घेतले. बेसिनच्या डाव्या बाजूला धुतलेल्या तुकड्यांची टोपली, उजवीकडे वापरलेल्यांची झाकणाची बादली. एकदा पुसला की बादलीत. गरम पाण्यात धुणं, आणि गच्चीवरचं सोलापुरी ऊन फुकट. पहिल्या आठवड्यात तुकडे निम्मे झाले. ते घरोघरी चष्मे आणि मोटारसायकली पुसायला गेले होते. मग कडेला लाल धागा घातला, तेव्हा गळती कमी झाली.

साबणाची वडी काढून टाकली. ती पाण्याने भरलेल्या डबीत भिजून तिचा लगदा झालेला असायचा. द्रव साबण जड पाण्यातही बरा फेसाळतो. बाटलीत उरलेल्यावर नवा ओतायचा नाही, ती धुवून वाळवून मगच भरायची, एवढा एकच नियम सांगितला.

ड्रेसिंगची फेरी मी एक सकाळ नुसती बघितली, पॅड न घेता, एका रुग्णाच्या उशाशी गप्पा मारत. ट्रॉली दाराशी, खाट नंबर एकपासून निघाली. पहिल्या तीन खाटांनंतर सिस्टर बेसिनपर्यंत जाऊन आली. सहाव्या खाटेनंतर बेसिन तीस पावलं मागे, वर डॉक्टरांचा राउंड यायची वेळ. मग नुसते ग्लोव्हज बदलले. नवव्या खाटेनंतर तेही नाही. चिकटपट्टीचे तुकडे आधीच कापून ट्रॉलीच्या कडेला ओळीने लावून ठेवलेले, जसे सगळीकडे ठेवतात. दहा नंबरच्या काकांचा पाय सोडवला, पुसला, बांधला, आणि त्याच हाताने कडेची पुढची पट्टी ओढून अकरा नंबरला लावली. ग्लोव्हज हाताचं रक्षण करतात असं वाटतं. पुढच्या रुग्णाचं ते काहीच रक्षण करत नाहीत. अशा पट्ट्यांतली एखादी उरून दुसऱ्या दिवशी सात नंबरला लागत असेल, हेही शक्य होतं.

दुसऱ्याच दिवसापासून क्रम बदलला. स्वच्छ टाके आधी, पू असलेली जखम शेवटी, मग ती खाट कुठल्याही नंबरची असो. ट्रॉलीवर हँडरबची बाटली, पट्ट्या ऐनवेळी कापायच्या. याला एक पैसा लागला नाही. खाटांच्या पायथ्याशी तारेच्या कंसात बाटल्या, एकाआड एक. पहिल्या आठवड्यात तीन गेल्या. रात्रीच्या मामांवर संशय घेणारे लगेच पुढे आले, पण मावशींच्या प्रकरणानंतर कुणाचंही नाव न घेण्याचं शहाणपण आम्हाला आलं होतं. कंसाला कडी लावली.

वॉर्डाच्या टोकाला, नऊ आणि दहाच्या मध्ये, स्टुलावर वीस लिटरचा नळाचा ड्रम आणि खाली बादली. दिसायला गबाळं. पण नळाला पाणी नसताना तेच चालत होतं.

दहा नंबरच्या काकांचे हात

इथपर्यंत सगळं आमच्या, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या हातांबद्दल झालं. एका दुपारी तीन वाजता मी ड्रमचा नळ बघायला टोकाला गेले. पंखे गरगरत होते, नातेवाईक खाटांखाली झोपलेले. दहा नंबरचे काका उठून बसले होते. पायाच्या पट्टीच्या कडेला बोट घालून खाजवलं. मग उशीखालून चंची काढली, तळहातावर तंबाखू घेतली, नखाने चुना लावला, अंगठ्याने चांगली मळली, वरून दोन टाळ्या. समोरच्या नऊ नंबरने हात पुढे केला. आठ नंबर उठून आला. चिमूट चिमूट वाटणी झाली. नऊ नंबरने चिमूट ओठाखाली ठेवली आणि त्याच बोटांनी पोटावरचे टाके चाचपले, दुखतंय का बघायला.

हॉस्पिटलात तंबाखूला बंदी. म्हणूनच हे दुपारी, गुपचूप. टोकाच्या सगळ्या खाटांना ठाऊक होतं आणि म्हणूनच आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या रजिस्टरातल्या पाच वेळा कर्मचाऱ्यांच्या होत्या. खाटेवर पडलेल्या माणसालाही दोन हात असतात आणि तेही दिवसभर फिरत असतात, यासाठी त्यात रकानाच नव्हता.

इथे खरा पेच होता. सर्जन म्हणाले, चंची जप्त करा, नाहीतर डिस्चार्ज द्या. नियम त्यांच्या बाजूने होता. पण चंची जप्त केली असती तर दुसरी आली असती, फक्त आम्हाला दिसली नसती. आणि वाहत्या जखमेसह घरी पाठवणं मला पटत नव्हतं. मी काकांशेजारी बसले. पायातला जंतू हाताने कसा जातो ते सांगितलं. ते पंढरपूरकडचे, गळ्यात माळ. ऐकून घेतलं, नऊ नंबरकडे बघितलं, आणि बराच वेळ गप्प राहिले. "म्हंजी त्याला माझ्यामुळं झालं म्हणताव?" मी म्हटलं, काका, तसं नक्की सांगता येत नाही, आमच्या हातांनीही झालं असेल. ते खरंच होतं. त्यांनी वाटप थांबवायचं कबूल केलं, स्वतःची सोडायचं नाही. मी हँडरबची बाटली पुढे केली तर हात मागे घेतला. "दारू हाय त्यात. माळकरी माणूस मी." तंबाखू चालते, हे चालत नाही, असं माझ्या जिभेवर आलं होतं. आवरलं. साबण-पाण्यानेही काम भागत होतं, फक्त वेळ जास्त, हँडरबला २० ते ३० सेकंद तर साबणाला ४० ते ६०. ड्रम तर त्यांच्या खाटेशीच होता. चंची उघडायच्या आधी आणि नंतर हात धुतले जायचे, हे मी पुढे अनेकदा बघितलं.

यातून निघालेली गोष्ट म्हणजे 'हातपाणी'. आपल्याकडे जेवल्यावर साबण लावून हात धुतात आणि जेवायच्या आधी नुसते पाण्याखाली धरतात. खाटेवरचा रुग्ण तर तेही करत नाही, कारण त्याला उठता येत नाही. तो बेडपॅन वापरतो, टाके चाचपतो आणि त्याच हाताने भाकरी मोडतो. मावशींनीच सुचवलं की घरी म्हाताऱ्यांना करतो तसं करू. तांब्या, साबण, खाली घमेलं. दुपारी सव्वाबारा आणि संध्याकाळी सात. जेवणाची गाडी दारात थांबते, आधी 'हातपाणी, हातपाणी' अशी हाक देत मावशी फिरतात, मागून गाडी. उठता न येणाऱ्यांच्या हातावर पाणी घालतात, बाकीचे ड्रमकडे जातात. १८ खाटांना वीस मिनिटं लागतात. नातेवाइकांना भरती होतानाच हात धुऊन दाखवायचे, तेही त्यांच्या भाषेत. कन्नड आणि तेलुगूसाठी आमच्याच सिस्टर होत्या. तीन भाषांतली पोस्टरंही छापली, त्यांच्याकडे बघताना मला फारसं कुणी दिसलं नाही. बारा नंबरची बायको मात्र दाखवल्यावर हसली, तेलुगूत काहीतरी म्हणाली. सिस्टरने अर्थ सांगितला, "तंबाखूचा वास जायला मी रोज याच्याहून जास्त घासते." विडी कामगाराला हात घासायला शिकवायला निघालो होतो आम्ही.

निकाल

मे ते जुलै या तीन महिन्यांत वॉर्डात टाक्यांत पू झालेला एक रुग्ण निघाला आणि त्याचा जंतू वेगळा होता. शस्त्रक्रियेनंतरचे ३० दिवस मोजायचे असतात म्हणून घरी गेलेल्यांना फोनही केले. सगळे लागले नाहीत. हँडरबचा खप ऑगस्टमध्ये साडेसात लिटरवर गेला. दहाला पोचलो नाही.

हे सगळं कशामुळे झालं? प्रामाणिक उत्तर असं की वेगवेगळं काढून सांगता येत नाही. ड्रेसिंगचा क्रम, टॉवेल, बाटल्या, हातपाणी, सगळं पंधरा दिवसांत सुरू झालं. आषाढीच्या आधी काका घरी गेले. पाऊस पडला, नळाला पाणी आलं. यातली एकच गोष्ट ठेवायची असं कुणी सांगितलं तर मी ड्रेसिंगचा क्रम ठेवीन, पण तो माझा अंदाज.

डॉक्टरांचं जिनिव्हासारखंच झालं. राउंडला सहा जण येतात. मोठे सर पहिल्या खाटेशी हँडरब घेतात तेव्हा मागचे पाचही घेतात. सर विसरले की सगळेच विसरतात.

मावशी परत आल्या. सुपरिटेंडेंट सरांनी त्यांची माफी मागितली, पण केबिनमध्ये. फोटो बोर्डावर लागला होता, माफी बोर्डावर लागली नाही. त्यांनी हे मला दोनदा बोलून दाखवलं आहे.

वेगळं काय करता आलं असतं

स्टोअरची वही मी एप्रिलअखेर उघडली, ती दर महिन्याला उघडता आली असती. पाच मिनिटांचं काम. आता महिन्याच्या एक तारखेला करते, आणि नव्वद टक्केवालं रजिस्टर कमिटीपुढे एकटं ठेवत नाही.

हाताचे नमुने घ्यायलाच नको होते. घ्यायचेच होते तर माझ्या आणि सर्जनच्या हातांपासून सुरुवात करून, सगळ्यांसमोर, धुण्याआधी आणि धुतल्यानंतर. तसं शिकवताना केलेलं चालतं. दोषी शोधायला त्याचा उपयोग नाही.

नकाशा काढला त्याच दिवशी मावशींना विचारलं असतं तर टॉवेल तपासाला मिळाला असता. वॉर्डात सगळ्यात जास्त वेळ त्या असतात आणि कमिटीत त्यांचं कुणी नाही. मेट्रन मॅडमनी तेव्हापासून त्यांना बैठकीला बोलवायला सुरुवात केली. त्या येतात, दाराजवळच्या खुर्चीवर बसतात आणि शेवटी एकच मुद्दा सांगतात. गेल्या वेळी तो ड्रमच्या गळक्या नळाचा होता.

काकांच्या बाबतीत मी नियम वाकवला, हे मान्य आहे. एका सहकारी सिस्टरचं म्हणणं की तंबाखू सोडवायची ती वेळ होती, मधुमेहाच्या पायाला तर ती जास्तच वाईट, आणि आपण ती दवडली. तिचं म्हणणं चुकीचं नाही. मी त्या दिवशी जंतूंचं बघितलं, काकांचं पूर्ण बघितलं नाही.

रात्रीचं अजून जमलेलं नाही. रात्री बेडपॅन दिल्यावर रुग्णाच्या हातावर पाणी घालायला कुणी नसतं, मामा दोन वॉर्डांत धावत असतो. उशाशी ओला कपडा ठेवून पाहिला, तो सकाळपर्यंत वाळतो. दिवाळीत मावशी आठ दिवस रजेवर गेल्या तेव्हा दिवसाचं हातपाणीही बंद पडलं. बदली मावशींना कुणी सांगितलंच नव्हतं. आता ड्युटीच्या वहीत ते काम लिहिलं आहे. तपासणीच्या छापील फॉर्मवर रुग्णाच्या हातांचा रकाना अजूनही नाही. उजव्या समासात पट्टीने रेघ ओढून मी तो पेनाने तयार करते, दर महिन्याला.